मराठी साइट लॅपटॉपवर देखणी, आईच्या मोबाइलवर विस्कटलेली: फॉन्ट बदलण्याआधी काय तपासावं

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरातल्या हाताने रंगवलेल्या जुन्या पाट्यांचे फोटो आणि त्या रंगवणाऱ्या पेंटरांच्या मुलाखती असा संग्रह तुम्ही मराठीतून वेबसाइटवर आणताय. फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमधलं डिझाइन मनासारखं झालंय, लॅपटॉपवरही साइट बरी दिसते. पण आईच्या मोबाइलवर मथळ्यांच्या वेलांट्या कापल्या जातात, अक्षरं बारीक वाटतात आणि एका जुन्या मुलाखतीत मधेच अगम्य चिन्हं येतात. मग फॉन्ट कुठला घ्यावा, आणि साइट दिवाळीच्या मुहूर्तावर खुली करावी का?

ताई, फॉन्टचं उत्तर मी मुद्दाम मागे ठेवतो. राजारामपुरीत बसून मराठी साइट करायच्या आणि दुसऱ्यांनी केलेल्या दुरुस्त करायच्या हा माझा बऱ्याच वर्षांचा धंदा आहे. ‘फॉन्ट बिघडलाय’ म्हणून आलेल्या कामांत फॉन्टचा दोष क्वचित निघतो. दोष निघतो मजकुरात, नाहीतर त्या मजकुराला दिलेल्या जागेत. ते दोन्ही ठीक असेल तर कुठलाही बरा फॉन्ट चालून जातो. ठीक नसेल तर हजारो रुपयांचा फॉन्ट विकत आणलात तरी आई म्हणणारच, “नीट दिसंना झालंय.”

आधी ती मुलाखत घेऊ. ती कुणी डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेतलेली असणार, श्रीलिपीच्या किंवा तसल्याच जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये. त्या पद्धतीत फाइलमध्ये मराठी अक्षर साठवलेलंच नसतं. साठवलेली असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, फॉन्ट त्यांच्यावर देवनागरीचं सोंग चढवतो. छापखान्यातल्या संगणकावर तो फॉन्ट असतो, म्हणून लग्नपत्रिकेपासून दिवाळी अंकापर्यंत सगळं बिनबोभाट छापून निघतं. वेबसाइटवर तो नसला की सोंग उतरतं आणि खालची चिन्हं उघडी पडतात. यावर उपाय एकच, मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला संकेत देणाऱ्या पद्धतीत, बदलून घेणं. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. मात्र कुठल्या फॉन्टमधला मजकूर आहे हे आधी डीटीपीवाल्याला विचारा, कारण प्रत्येक कंपनीच्या जुन्या फॉन्टची मांडणी वेगळी असते आणि चुकीचा पर्याय निवडला की अर्धवट मराठी आणि अर्धवट भलतंच बाहेर पडतं.

बरोबर पर्याय निवडूनही मजकूर शंभर टक्के सुधारून येत नाही. पहिली वेलांटी शेजारच्या अक्षरावर जाऊन बसते, ‘द्य’ आणि ‘ध्य’ यांची अदलाबदल होते, अवतरणचिन्हांच्या जागी भलतंच काही येतं, रफार हरवतात. हे शोधायला मला एकच पद्धत भरवशाची वाटते. एकाने छापील प्रत हातात धरायची आणि दुसऱ्याने मोबाइलवरचा मजकूर मोठ्याने वाचायचा. नुसती डोळ्यांनी केलेली तपासणी फसते, कारण मेंदू चुकलेला शब्द आपोआप दुरुस्त करून वाचतो.

आता एक चूक अशी आहे की ती डोळ्यांनाही दिसत नाही आणि मोठ्याने वाचूनही कळत नाही. तुमच्या साइटवर ‘रंगवणाऱ्या’ हा शब्द पानोपानी येणार. त्यातला ‘ऱ्या’ संगणकात दोन प्रकारे लिहिला जातो. एका प्रकारात नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त, त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह आणि मग य. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. पण एका कीबोर्डवर टाइप केलेला शब्द दुसऱ्या कीबोर्डवरून शोधला की साइटचा शोधचौकोन ‘काही सापडले नाही’ म्हणून मोकळा होतो. त्यातच काही प्रणाली मजकूर साठवताना ते अदृश्य चिन्ह गाळून टाकतात आणि ‘रंगवणार्या’ असा रफार डोक्यावर घेतलेला शब्द उरतो. पहिला प्रकार धरा, सगळ्या साइटभर एकदाच शोधून बदलून घ्या, आणि शोधचौकोनात जे टाइप होईल तेही त्याच प्रकारात बदलून मग शोधायला डेव्हलपरला सांगा. ‘ॲ’चंही असंच आहे. हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं, त्याआधी लोक ‘अ’ला चंद्र जोडून काम भागवायचे आणि अजूनही कित्येकजण तसंच टाइप करतात. ‘ॲल्युमिनियमची पाटी’ दोन वेगवेगळ्या ॲल्युमिनियममध्ये विभागली जायला नको.

मजकूर झाला, आता जागा. आईच्या मोबाइलवर वेलांट्या कापल्या जाण्याचं कारण बहुतेक इथेच आहे. तयार थीम, म्हणजे साइटचे आयते साचे, इंग्रजीसाठी बेतलेल्या असतात. त्यात मथळ्याच्या दोन ओळींमधलं अंतर अक्षराच्या आकाराच्या जेमतेम १.१ पट धरलेलं असतं. मराठी अक्षर शिरोरेषेला लोंबतं आणि तिच्या वरही चढतं. ‘कीर्ती’ हा शब्द घ्या. शेवटच्या अक्षरावर वेलांटीचा फराटा आणि त्यावरच रफार, म्हणजे वरच्या बाजूला चांगलाच उंच डोलारा. त्याच्या वरच्या ओळीत नेमका ‘अद्भुत’ आला तर ‘द्भु’चा उकार खाली उतरतो आणि दोघांची टक्कर होते. म्हणून वाचायच्या मजकुराला ओळींतलं अंतर १.६ ते १.८ पट ठेवा, मथळ्यांना १.३५ च्या खाली जाऊ नका.

पण टक्कर वेगळी आणि कापणं वेगळं. अक्षरं कापली जातात तेव्हा मथळ्याच्या चौकटीला ठरावीक उंची दिलेली असते आणि बाहेर जाईल ते लपवायची सूचना, म्हणजे ओव्हरफ्लो हिडन, लिहिलेली असते. मुखपृष्ठावरच्या फोटोखाली दोन ओळींत मथळा बसवून पुढे तीन टिंबं देणारी कार्डं असतात ना, तिथे ही सूचना हमखास सापडते. डेव्हलपरला उंची काढून टाकायला सांगा, आणि लपवणं गरजेचंच असेल तर चौकटीला आतून वर-खाली थोडी जागा द्यायला सांगा. फिग्मात हे कळलं नाही, कारण तिथे चौकटीबाहेर गेलेली वेलांटीही दिसत राहते. शिवाय तुम्ही मथळ्यांच्या जागी ‘मराठी मजकूर येथे’ असलं काहीतरी टाकून डिझाइन केलं असेल तर ते कुठेही अडणार नाही. असला बिनघोर मजकूर खऱ्या पानावर कधीच येत नाही. मी प्रत्येक डिझाइनमध्ये एक ओळ टाकून बघतो: कीर्ती, वाङ्मय, अद्भुत, हृदय, शृंगार, कुऱ्हाड, ॲल्युमिनियम, लक्ष्मीपुरी, महाद्वार. ही ओळ मथळ्यात, बटणावर, मेनूत आणि फोटोखाली टाकायची. जिथे काही कापलं, चिकटलं किंवा जोडाक्षराचा पाय मोडलेला दिसला तिथे काम बाकी आहे.

आकाराबद्दल फार बोलत नाही. त्याच पिक्सेलात मराठी अक्षराचं अंग इंग्रजीपेक्षा लहान दिसतं, कारण बरीचशी उंची मात्रा-उकारांत जाते. मजकूर १८ पिक्सेलच्या खाली नको, लांब मुलाखतींना २० द्या, फोटोखालच्या ओळींना १५. आणि दोन बोटांनी मोठं करून बघायची सोय बंद करणारी सूचना थीममध्ये असेल तर ती आजच काढा. साठीच्या माणसाने मोबाइलच्या सेटिंगमध्ये अक्षरं ‘मोठी’ करून ठेवलेली असतात, त्या अवस्थेतही साइट एकदा बघा.

डिझाइन शिकलेल्या मुलामुलींकडून होणाऱ्या काही हौशी मात्र सांगायलाच हव्यात. अक्षरांमधलं अंतर वाढवून मथळा हवेशीर करणं ही त्यातली पहिली. रोमन लिपीत ते शोभतं, मराठीत शिरोरेषेचे तुकडे होतात आणि शब्द दात पडल्यासारखा दिसतो. लेटर-स्पेसिंग शून्य, यावर तडजोड नाही. दुसरी, मथळ्याचं एकेक अक्षर उडत येऊन बसणं. ‘कोल्हापूर’ म्हटलं की आपण चार अक्षरं मोजतो, संगणकाच्या लेखी ती नऊ चिन्हं आहेत: क, ओकार, ल, हलन्त, ह, काना, प, ऊकार, र. तयार कोड या नऊंना सुटं करतो आणि नुसता ओकार टिंबांचं वर्तुळ घेऊन पडद्यावर भटकत येतो. हलवायचंच असेल तर अख्खा शब्द हलवा. तिसरी, तिरपी अक्षरं. बहुतेक मराठी फॉन्टना स्वतःचा तिरपा अवतार नसतो, मग ब्राउझर सरळ अक्षरालाच ढकलून वाकडं करतो. ठळक अक्षरांचंही तेच. फक्त साध्या जाडीची फाइल चढवली असेल तर ब्राउझर तीच अक्षरं फुगवून दाखवतो आणि ‘क्ष’, ‘त्र’, ‘ह्म’ यांच्या पोटातली पोकळी बुजते. ठळक हवं असेल तर ठळकची खरी फाइल द्या. आणि मजकूर दोन्ही कडांना समान करू नका. मराठी शब्द लांब, मोबाइलची ओळ अरुंद, मग शब्दांमध्ये खिंडारं पडतात.

आता ल आणि श. तुमचा विषयच अक्षर आहे म्हणून हे टाळता येणार नाही. मराठी वळणाचा ल पाकळ्यांचा आणि श देठाचा. हिंदी वळणाचा ल दंडाचा आणि श गाठीचा. राज्य सरकारने २०२२ च्या शासन निर्णयात मराठीसाठी पाकळीयुक्त ल आणि देठयुक्त श सांगितला आहे. पण पुष्कळ फॉन्टमध्ये पहिल्यांदा हिंदी वळण येतं आणि मराठी वळण आत दडवून ठेवलेलं असतं. ते बाहेर यायला पानाच्या अगदी पहिल्या टॅगमध्ये भाषा म्हणून मराठीचा संकेत, ‘एमआर’, लिहिलेला असावा लागतो. वर्डप्रेस या साइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये साइटची भाषा मराठी निवडली की बहुतेक थीममध्ये हे आपसूक होतं. मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरलाही त्याच संकेतावरून कुठली भाषा आहे ते कळतं. महाद्वार रोडवरच्या किंवा गुजरीतल्या पाट्यांवर पेंटरने झोकात काढलेला पाकळीचा ल फोटोत दिसतोय आणि खाली तुमच्याच मजकुरात दंडाचा ल, हे जाणकाराच्या डोळ्यात खुपणार.

तर फॉन्ट. मुलाखतींसाठी मी मुक्ता घेईन. मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी केलेला हा फॉन्ट सात जाड्यांत मिळतो आणि स्वस्त मोबाइलवरही अक्षर गढूळ होत नाही. पुस्तकी वळण हवं असेल तर नोटो सेरिफ देवनागरी किंवा टिरो देवनागरी मराठी बघा. टिरोत हिंदी, मराठी आणि संस्कृतसाठी वेगळे फॉन्ट आहेत, त्यामुळे ल-शचा प्रश्नच येत नाही. मात्र त्यात ठळक जाडी नाही, मथळ्यांची सोय वेगळी करावी लागेल. हे सगळे मुक्त परवान्याचे आहेत, फाइल स्वतःच्या साइटवर ठेवता येते.

मथळ्यांसाठी तुम्हाला यात्रा वन घ्यायचा मोह होणार हे मला ठाऊक आहे. मुंबईच्या लोकल स्टेशनांवरच्या रंगवलेल्या पाट्यांवरून तो बेतलेला आहे आणि आहेही छान. तरी तुमच्या जागी मी तो घेणार नाही. पानावर एका पेंटरने तीस-चाळीस वर्षांपूर्वी हाताने ओढलेलं अक्षर आहे आणि त्याच्याच डोक्यावर दुसऱ्या पाटीची आठवण देणारं संगणकी अक्षर, मग बघणाऱ्याने नक्की बघायचं काय? या साइटचं स्वतःचं अक्षर गप्प असावं. मथळाही मुक्ताच, जाडी वाढवून. रंगसुद्धा फोटोंतच राहू दे. हे माझं मत आहे, दुसरा डिझायनर उलट सांगेल.

फॉन्टच्या फाइलबाबत मात्र मतभेदाला जागा नाही. शेकडो जोडाक्षरांमुळे मराठी फॉन्ट नुसत्या रोमन फॉन्टपेक्षा चांगलाच जड असतो. सात जाड्या मिळतात म्हणून सातही चढवू नका, साधी आणि ठळक अशा दोनच द्या, वॉफ-टू या वेबसाठीच्या हलक्या फाइलप्रकारात. फाइल हलकी करायला कुणी अनावश्यक अक्षरं छाटली तर जोडाक्षरांचे नियम शाबूत राहिलेत का ते वरच्या चाचणीच्या ओळीने तपासा. फॉन्ट येईपर्यंत मजकूर दिसत राहील अशी सूचनाही हवी. गगनबावड्याच्या रस्त्यावर रेंज येते-जाते, तिथे फॉन्ट पोचलाच नाही तर अँड्रॉइडवर नोटो, आयफोनवर कोहिनूर देवनागरी आणि विंडोजवर निर्मला यूआय दिसेल. जुन्या विंडोजवर मंगल. मंगलला नावं ठेवायची आपल्यात फॅशन आहे, पण र. कृ. जोशींनी केलेल्या त्या फॉन्टमुळेच कित्येक मराठी घरांत आणि कचेऱ्यांत पडद्यावर पहिल्यांदा युनिकोड मराठी उमटलं. यातल्या प्रत्येकावर तुमचं पान निदान वाचता येण्याजोगं राहिलं पाहिजे.

फोटोंबद्दल एकच गोष्ट. प्रत्येक पाटीवरचा मजकूर खाली टाइप करून द्या, जसा आहे तसा, ऱ्हस्व-दीर्घासकट. फोटोतली अक्षरं तुमच्या शोधचौकोनाला वाचता येत नाहीत, आणि ज्यांना दिसत नाही त्यांच्यापर्यंतही ती पोचत नाहीत. कोपऱ्यातली ‘अमुक पेंटर’ ही बारीक सही विसरू नका. ज्या गावात नाटकाचे पडदे रंगवणारे बाबूराव पेंटर सिनेमात गेले आणि पेंटर हेच त्यांचं नाव होऊन बसलं, तिथे त्या सहीला मान आहे. पाटी लावणाऱ्या दुकानदाराची आणि पेंटरची परवानगी लेखी घ्या, व्हॉट्सॲपवरचं ‘चालतंय की’ सुद्धा जपून ठेवा. मुलाखतीतलं ‘लई’, ‘न्हाई’, ‘आमी’ तसंच राहू दे, फक्त एकाच माणसाच्या तोंडी कधी ‘न्हाई’ तर कधी ‘नाही’ होणार नाही एवढं बघा.

आता मुहूर्त. दिवाळीला नको. त्या आठवड्यात प्रत्येकाच्या मोबाइलवर शुभेच्छांचा पूर असतो आणि तुमची लिंक त्यात वाहून जाईल. गणपतीत आणि अंबाबाईच्या नवरात्रात तीच गत. जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी ३९ फुटांच्या पुराच्या इशाऱ्याकडे सरकू लागली की कोल्हापूरकर दुसरं काही बघत नाही, आणि बघूही नये. तुळशीची लग्नं उरकल्यावरचा एखादा निवांत आठवडा धरा. सगळ्या पाट्या होईपर्यंत थांबू नका. दहा-बारा पाट्या आणि दोन पूर्ण, तपासलेल्या मुलाखती पुरेत. पुढे दर आठवड्याला एक पाटी वाढवत गेलात तर लोकांना परत यायला कारण मिळतं. शंभर पाट्या एका दिवसात टाकल्या तर लोक पहिल्या पाच बघून निघून जातात.

खुली करण्याआधी ज्या पेंटरची मुलाखत आहे त्यांच्याच घरी जा आणि त्यांच्याच मोबाइलवर साइट उघडून द्या. मग गप्प बसा. कुठे बोट अडतं, कुठे ते मोबाइल डोळ्यांजवळ नेतात, कुठलं बटण दाबायला जातात ते नुसतं बघा. ‘इथं दाबा’ असं सांगायची पाळी आली की ते बटण चुकलं असं समजा.

लिंक पसरणार ती व्हॉट्सॲपवरूनच, म्हणून दोन बारकावे. पानाचा पत्ता मराठीत ठेवू नका. कॉपी करताना बऱ्याचदा त्याचं रूपांतर टक्क्यांची चिन्हं आणि आकडे यांत होतं, एका चिन्हाची नऊ अक्षरं. म्हणजे एकट्या ‘कोल्हापूर’ची ८१. ते रामायण बघून लोकांना ती लिंक फसवणुकीची वाटते. पत्ता रोमन लिपीत आणि छोटा ठेवा, मथळा मराठीतच राहील. दुसरं, लिंकसोबत जे चित्र दिसतं ते स्वतः बनवा. आपोआप चित्र तयार करणाऱ्या काही सोयींना जोडाक्षरं जुळवता येत नाहीत, मग ‘ल’चा पाय मोडलेला ‘कोल्‌हापूर’ आणि भलतीकडे गेलेल्या वेलांट्या ग्रुपभर फिरतात. व्हॉट्सॲप एकदा दाखवलेलं चित्र बराच वेळ धरून ठेवतं, तेव्हा आधी स्वतःलाच लिंक पाठवून बघा आणि मगच ग्रुपवर टाका.

मोबाइलबाहेरही थोडं फिरा. दळवीज आणि कलानिकेतन या इथल्या कलाशाळांच्या विद्यार्थ्यांना दाखवा, तीच मुलं उद्या पुढच्या पाट्या शोधून देतील. आणि ज्या दुकानाची पाटी साइटवर आहे त्याच्या गल्ल्यावर क्यूआर कोडचं एक छोटं कार्ड ठेवायची परवानगी मागा. मालक बहुधा नाही म्हणत नाही, उलट गिऱ्हाइकाला स्वतःच उघडून दाखवतो.

शेवटचं, आणि हे उद्याच करा. डोमेन, म्हणजे साइटचं नोंदवलेलं नाव, कुणाच्या नावावर आणि कुणाच्या ईमेलवर आहे ते बघा. डेव्हलपरच्या नावावर असेल तर साइट खुली करण्याआधी स्वतःच्या नावावर करून घ्या आणि जमत असेल तर पाच वर्षांचे पैसे एकदम भरा. मूळ फोटो आणि मुलाखतींचं ध्वनिमुद्रण साइटवर अवलंबून ठेवू नका, दोन हार्डडिस्कवर ठेवा, आणि त्यातली एक दुसऱ्याच्या घरी. तुमचं घर शाहूपुरीच्या सखल भागात असेल तर वरच्या मजल्यावर राहणाऱ्या कुणाच्या तरी घरी.